आतून निघालेल्या वस्तू

चिठ्ठीवर एवढंच होतं: नंबर चारशे सतरा, चालू होत नाही. गिऱ्हाइकाचं नाव नाही, पत्ता नाही, फोन तर नाहीच. शोरूमचा मालक या बाबतीत फार जपून असे. मायक्रोवेव्ह ओव्हन बिघडला की गिऱ्हाईक तो शोरूममध्ये देऊन जाई, मालक तो टेम्पोत घालून फ्यूजकाकांकडे पाठवी, आणि गिऱ्हाइकाला वाटे की शोरूमच्या मागच्या बाजूला पांढरे कोट घातलेले इंजिनिअर बसलेत. प्रत्यक्षात बसलेले असत ते फ्यूजकाका, बनियनवर, दहा बाय आठच्या दुकानात. या दोघांची गाठ पडली तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी थेट काकांकडे जाईल, ही मालकाची धास्ती. मागे एका टेम्पोवाल्याच्या तोंडून एक पत्ता निसटला, तर मालकानं दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवलं.

पत्ता मिळायची वेळ एकच. दुरुस्त केलेला ओव्हन महिन्याच्या आत पुन्हा बिघडला, तर मालक लालबुंद होऊन पुरत्या पत्त्याचा कागद काकांकडे धाडी आणि सांगे, जा, आता स्वतः त्यांच्या घरी जाऊन फुकट करून या. नऊ वर्षांत असा कागद काकांना दोनदा मिळाला होता. दोन्ही वेळा चूक उंदराची निघाली.

फ्यूजकाका हे नाव बाजारानं ठेवलेलं. कुणी पंखा आणो की इस्त्री, काका आधी म्हणणार, "फ्यूज गेला असेल, बघू." शेजारच्या घड्याळवाल्याची सासू चक्कर येऊन पडली तेव्हाही ते हेच म्हणाले, असं घड्याळवाला सांगतो. घड्याळवाला थापाडा आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. वय सदुसष्ट. घरी एकटे. एकटे म्हणजे वाट बघणारं कुणी नाही, आणि उशीर झाला म्हणून तोंड सोडणारंही नाही. दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एखाद्या मिक्सरला उद्देशून असे.

चारशे सतरा मंगळवारी आला.

"काका, हा जरा लवकर बघा," टेम्पोवाला ओव्हन टेबलावर ठेवत म्हणाला. "बाईंना घाई आहे म्हणे."

"घाई कुणाला नसते? फ्यूज असेल."

"तुमचं आपलं एकच पालुपद. शुक्रवारी सकाळी न्यायला येतो."

स्क्रू ड्रायव्हरला हात लावण्याआधी ओव्हनचं दार उघडून आत नीट बघायची काकांची पद्धत होती. कामाला त्याचा काही उपयोग नव्हता. ती त्यांची करमणूक. बाहेरून सगळे ओव्हन सारखेच, पण आत डोकावलं की घर कळतं. कोण उतू घालवतं, कोण लगेच पुसतं, कोण पुसायचं काम दुसऱ्यावर ढकलतं. काचेच्या ताटलीवर मधोमध एकाच वाटीचा डाग असला तर समजावं, एकटा माणूस. काकांच्या स्वतःच्या ओव्हनमध्ये तसा डाग होता, म्हणून तो त्यांना लांबूनही ओळखू येई.

या ओव्हनच्या ताटलीवर दुधाची दोन वर्तुळं होती, एक मोठ्या कपाचं, एक लहान. दाराच्या खालच्या कडेला माशांचे स्टिकर चिकटवले होते, सहा मासे, सगळे एका रांगेत आणि सगळे उलटे. वरच्या भागात एकही नाही. म्हणजे हात तेवढाच पोचत होता. काका गालात हसले. मग त्यांनी मागचे सहा स्क्रू काढले, पत्र्याचं कव्हर उचलून बाजूला उताणं ठेवलं आणि मूठ रबरी असलेल्या स्क्रू ड्रायव्हरनं कपॅसिटरमधली उरलीसुरली वीज उतरवली. टक् असा आवाज झाला. हे केल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. चाळीस वर्षांत ते एकदाच विसरले होते, आणि भिंतीवर आपटून उठल्यावर त्यांनी कानाला खडा लावला.

हवेच्या जाळीमागे खजिना होता. बाहेरच्या फटीतून कुणीतरी पत्रं टाकावीत तशा वस्तू आत टाकल्या होत्या. लाल मेणखडू, अर्धा. प्लॅस्टिकचा चिमुकला चमचा. पत्त्यांतली चौकट सत्ती. केसांची एक पिन. काकांनी एकेक वस्तू चिमट्यानं काढली आणि त्या ठेवाव्यात म्हणून उताण्या कव्हराकडे हात नेला. त्यांचा हात तिथंच थांबला.

कव्हराच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहिलेलं होतं. सात वर्षांपूर्वीची तारीख, आणि खाली: लेकीच्या नव्या घरासाठी. ट्रान्सफॉर्मर नवा. पंखा नवा. दार दुसऱ्या ओव्हनचं, पण चांगलं.

अक्षर त्यांचंच होतं. केलेलं काम तारीख घालून कव्हराच्या आत लिहायचं, ही त्यांची शिस्त. गिऱ्हाईक ते कधी बघत नाही. पुढचा कारागीर बघतो, आणि बहुतेक वेळा पुढचे कारागीरही तेच असत.

काका स्टुलावर बसले.

झालं होतं ते असं. सहा वर्षांपूर्वी काकांची बायको गेली. ती घरी शिवणकाम करायची. तिच्या शिलाई मशीनला काकांनीच मोटर बसवून दिली होती. आईच्या वस्तूंमधलं लेकीनं काही मागितलं नाही, दागिने नाहीत, कपडे नाहीत. म्हणाली, "बाबा, मला फक्त आईचं मशीन द्या. रविवारी घेऊन जाते." त्याच्या दोन दिवस आधी बाजारातला शिंपी काकांकडे रडकुंडीला येऊन गेला. त्याच्या मशीनची मोटर जळाली होती आणि शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता. तशी मोटर बाजारात नव्हती. काका घरी गेले, बायकोच्या मशीनची मोटर सोडवली आणि शिंप्याला बसवून दिली. त्यात त्यांना काडीचंही वावगं वाटलं नाही. बंद यंत्रातला चालू भाग काढायचा आणि चालत्या यंत्रात घालायचा, हेच तर त्यांनी जन्मभर केलं होतं. लेकीला पुढच्या आठवड्यात नवी मोटर बसवून देऊ, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

रविवारी लेक आली. कव्हर काढून आईच्या स्टुलावर बसली आणि तिनं पाय दाबला. मशीन गप्प.

"बाबा, मोटर?"

"अगं, शिंप्याला दिली. चांगली मोटर होती, इथं नुसती पडून राहिली असती."

माणूस तोंडानं एक वाक्य बोलतो आणि मग सहा वर्षं ते गिळायला बघतो. लेकीनं आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आईचं काही पडून राहू दिलं असतंत, तर काय बिघडलं असतं?" आणि चप्पल घालून गेली. ती गेलीच. नंतर तिनं घर बदललं, नंबर बदलला. तिच्या मावशीकडे पत्ता असणार हे काकांना ठाऊक होतं, पण विचारायला तोंड नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मानही खाली जात नव्हती. चूक झाली हे त्यांना कळेपर्यंत इतका उशीर झाला, की आता कुठल्या तोंडानं विचारायचं, असं होऊन बसलं.

आणि आता हा ओव्हन. सहा मासे, चिमुकला चमचा, अर्धा खडू. आपण आजोबा झालो हे माणसाला हॉस्पिटलच्या बाकावर कळतं, नाहीतर पहाटेच्या फोनवर. काकांना ते हवेच्या जाळीतून कळलं, आणि तेही चार-पाच वर्षं उशिरा. मुलगा की मुलगी? पिनेवरून काही ठरेना, ती आईचीही असू शकते. काकांनी चमचा तळहातावर घेतला. बाहेरून घड्याळवाल्यानं हाक मारली तर त्यांनी ओ दिली नाही. तिला मूल झालं आणि तिनं मला कळवलंही नाही, असं ते मोठ्यानं म्हणाले. ऐकायला समोर फक्त एक उघडा पडलेला ओव्हन होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोष शोधला. फ्यूज उडालेला होताच, त्यामुळे काकांचं पालुपद खरं ठरलं. नवा घातला. दार एकदा उघडून लावलं, फट्! तोही गेला. म्हणजे दोष फ्यूजचा नाही, दाराचा. दार अडकतं त्या आकड्यांमागे तीन छोटे स्विच असतात. दार उघडताना ते ठरलेल्या क्रमानं सुटायला हवेत. पहिला चिकटून बसला, तर तिसरा मुद्दाम फ्यूज उडवतो, कारण दार उघडं असताना ओव्हन चालू राहता कामा नये. बनवणाऱ्यानं ओव्हनला आधीच शिकवून ठेवलंय, की बाबा, घरातल्यांना इजा करण्यापेक्षा तूच बंद पड. काकांना ही रचना फार आवडायची. यात पहिल्या स्विचचे आतले पत्रे जळून एकमेकांना चिकटले होते. दारही किंचित खाली आलं होतं. कुणीतरी त्याला लोंबकळत असणार, आणि कोण ते सांगायला नको.

काम तासाभराचं. काकांनी ते केलं नाही. त्यांनी शोरूमला फोन लावला.

"मालक, ते चारशे सतराचं गिऱ्हाईक, जरा बोलायचं होतं. दार कसं वापरतात ते विचारायला हवं."

"मी विचारतो. काय विचारू?"

"राहू द्या, बघतो मीच," असं म्हणून काकांनी फोन ठेवला. संध्याकाळी टेम्पोवाला दुसरा माल टाकायला आला, तेव्हा त्यांनी त्यालाही गाठलं.

"पत्ता? काका, माझ्या पोटावर पाय आणता का? आणि तुम्हाला कशाला हवाय?"

कशाला, ते सांगायला काकांची जीभ रेटेना. माझ्या लेकीचं घर मला माहीत नाही, हे वाक्य त्यांनी आजवर कुणासमोर उच्चारलं नव्हतं. "सहज," ते म्हणाले. टेम्पोवाल्यानं मान हलवली आणि गाडी चालू केली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, जागेपणी, काकांच्या मनात ते आलं. जुन्या भागांच्या डब्यात एक स्विच होता. वापरलेला, आतून खडबडीत झालेला. आज घातला तर चालेल, शुक्रवारी न्यायला येतील तेव्हाही चालेल. पंधरा-वीस दिवसांत पत्रे चिकटतील आणि फ्यूज उडेल. कुणाला इजा होणार नाही, तिसरा स्विच आहेच की. फक्त ओव्हन बंद पडेल. महिन्याच्या आत. मग मालक लालबुंद होऊन पुरत्या पत्त्याचा कागद धाडील. काका हत्यारांची पिशवी घेऊन जातील, बेल वाजवतील आणि दार उघडेल. कारागीर म्हणून आलोय, असं म्हणायला तोंड लागत नाही. ती दार लावून घेईल कदाचित, पण उघडेल तरी.

इतकं सोपं होतं. काकांनी तो स्विच घातला. नवा फ्यूज घातला, दार वर उचलून बसवलं, कपभर पाणी ठेवून दोन मिनिटं चालवलं. पाणी नीट तापलं. वीस वेळा दार उघडलं, लावलं. फ्यूज शाबूत. हात धुऊन त्यांनी मार्कर घेतला आणि कव्हर उलटं केलं.

तारीख घातली. मग लिहिलं: दार सरळ केलं. फ्यूज नवा. स्विच

पुढे हात चालेना. 'नवा' लिहावं तर धडधडीत खोटं. कव्हराच्या आत ते कधी खोटं लिहीत नसत. गिऱ्हाइकाशी सगळेच थोडंफार खोटं बोलतात, काकाही बोलत. पण आत जे लिहायचं ते खरंच. आणि 'जुना' लिहावं तर वरच्याच ओळीत होतं, लेकीच्या नव्या घरासाठी. तिच्या आईच्या यंत्रातलं चांगलं काढलं ते काढलं, आणि आता तिच्या यंत्रात वाईट घालतोय. तेव्हा निदान कळत नव्हतं. आता सगळं कळून घालतोय. हे मनात आलं आणि काकांना स्वतःची इतकी शरम वाटली, की दुकानात एकटे असूनही त्यांनी चेहरा झाकून घेतला.

मग ते उठले. तीन स्विच नवेकोरे काढले, तीनही बदलले, चांगले होते तेसुद्धा. दाराच्या बिजागरीला नवी पिन टाकली. पोराला लोंबकळू दे खुशाल, असं म्हणून त्यांनी खालच्या पट्टीला आतून जास्तीचा स्क्रूही मारला. हवेच्या फटीला बारीक जाळी लावली, मग विचार करून एका कोपऱ्यात बोटभर फट मोकळी सोडली. टपाल अगदीच बंद पडायला नको. दाराच्या कडेनं लहरींची गळती मोजायचं यंत्र तीन वेळा फिरवलं. काटा हलला नाही. असा ओव्हन महिन्यात काय, दहा वर्षांत परत येणार नव्हता. काकांना ते स्क्रू आवळतानाच कळत होतं. एकेक स्क्रू आवळताना त्यांना तो पत्त्याचा कागद एकेक बोट लांब जाताना दिसत होता, आणि ते आवळत राहिले.

कव्हराच्या आत त्यांनी लिहिलं: स्विच नवे, तिन्ही.

यंत्रातून निघालेल्या वस्तू गिऱ्हाइकाला परत करायच्या, असा शोरूमचाच नियम होता. कागदी पाकिटात घालून, वर यादी लिहून पाकीट काचेच्या ताटलीवर चिकटवायचं. काकांनी यादी लिहायला घेतली. अलीकडे उजव्या हाताला कंप सुटे, मार्करची जाड अक्षरं कशीबशी निभत, पण पेननं लिहायचं म्हणजे ओळ खालीवर होई. आतून निघालेल्या वस्तू: खडू एक, लाल. चमचा एक. पत्ता एक, चौकट सत्ती. केसांची पिन एक. आणखी एखादी ओळ लिहावी असं फार वाटलं. बाळ, चुकलो, असं लिहावं. पण शोरूमच्या पाकिटावर, शोरूमच्या माणसाच्या हाती, असं काही लिहितात का? त्यांनी खाली नुसती रेघ मारली आणि पाकीट चिकटवलं.

शुक्रवारी टेम्पोवाल्यानं चारशे सतरा उचलून नेला. काका दुकानाच्या पायरीवर उभे राहून वळणापर्यंत टेम्पोकडे बघत होते.

तो शनिवारी पुन्हा आला, एक फ्रीज घेऊन. फ्रीज उतरवून होईपर्यंत काकांनी कळ काढली.

"तो चारशे सतरा पोचला?"

"पोचला की. तिथंच चालवून दाखवला. पाणी गरम झालं."

"घरात कोण होतं?"

"बाई होत्या. आणि एक पोर होतं, सारखं पायात येत होतं."

"मुलगा की मुलगी?"

"अहो काका, वीस किलोचा ओव्हन हातात, आणि मी काय बघणार? टोपी होती डोक्यावर."

"केवढं होतं?"

टेम्पोवाल्यानं कंबरेच्या खाली, मांडीजवळ हात धरला. मग जरा वर नेला. "एवढं." काका त्या हाताकडे बघत राहिले, तेव्हा टेम्पोवाल्याला अवघडल्यासारखं झालं आणि त्यानं हात खिशात घातला.

"हां, एक गंमत झाली," तो गाडीत चढता चढता म्हणाला. "ते पाकीट बाईंनी उघडलंच नाही. वरची यादी वाचत बसल्या. एवढीशी यादी, पण किती वेळ! मग मला विचारतात, 'हे अक्षर असं का झालंय?' आता मला काय माहीत? म्हटलं, कारागीर म्हातारे आहेत ताई, हात कापतो त्यांचा."

काकांनी दाराची चौकट धरली.

"मग?"

"मग काही नाही. पाकीट घेऊन आत गेल्या. सही करायलाही बाहेर येईनात. मीच दोनदा हाक मारली, तेव्हा आल्या."

"डोळे..." काका म्हणाले आणि थांबले.

आता टेम्पोवाला बावळट नव्हता. त्यानं काकांच्या तोंडाकडे पाहिलं, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. खिशातून पावतीपुस्तक काढलं. "काका, मालकाला सांगू नका. लिहून घ्या पत्ता."

दोन दिवस ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता, तो पत्ता हातभर अंतरावर होता. काकांनी पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नको."

"अहो, बुधवारी तर मागे लागला होतात!"

"तेव्हा तिला ठाऊक नव्हतं, मी कसा आहे ते. आता आहे." काकांनी आतल्या स्टुलाकडे बोट दाखवलं. "आणि माझा पत्ता तिला माहीत आहे रे. लहानपणी शाळा सुटली की इथंच यायची. या स्टुलावर बसून अभ्यास करायची."

"ठीक आहे काका," असं म्हणून टेम्पोवाल्यानं पुस्तक खिशात घातलं आणि तो गेला.

काका फ्रीजसमोर बसले. कुणी काही कळवलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढच्या आठवड्यातही नाही. दुपारी दोन तास दुकान बंद करून घरी जेवायला जायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. घड्याळवाला सांगतो, आणि हे मात्र तो खोटं सांगत नाही, की त्या शनिवारपासून काका दुपारी दुकान बंद करत नाहीत. डबा आणतात आणि रस्त्याकडे तोंड करून जेवतात.